हवा ओढणारी नळी

माझी बायको अरुणा गेल्यानंतर मी जानेवारीत कामावर परत गेलो. तेव्हा ठरवलं होतं, कोणाशी फार बोलायचं नाही. माझं काम तसंही कमी बोलण्याचं आहे. ओटावातल्या एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी उपकरणं सांभाळतो. त्याआधी शहराच्या पश्चिमेला, कनाटात, फायबरच्या एका कंपनीत होतो. दोन हजार दोनमध्ये त्यांनी आमची अख्खी लाइन बंद केली आणि मी इकडे आलो. पगार कमी, पण माणसं बरी. अरुणा म्हणायची, "तुम्हाला मशीनशीच बोलायचं असतं, मग कुठेही काय फरक पडतो?"

फेब्रुवारीच्या शेवटी प्राध्यापक हेलनने मला बोलावलं. हेलन माझ्याच वयाची, उंच, शांत बाई. ती म्हणाली, "दीनानाथ, रुचाचा खांब बर्फ वितळायच्या आधी उभा राहायला हवा. तू तिच्याबरोबर जाशील का? जमत नसेल तर मी समजू शकते."

नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही.

रुचा पीएच.डी. करत होती. मूळची नागपूरची. मी तिला कॉरिडॉरमध्ये पाहिलं होतं, पण मराठी आहे हे माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये ती आली तेव्हा मी पाना शोधत होतो आणि स्वतःशीच पुटपुटत होतो, "कुठे गेला मेला."

ती दारातच थांबली. "काका, तुम्ही मराठी?"

"हो. पुण्याचा. पिंपरीला होतो आधी."

"अरे बाप्पा, पुण्याचे! म्हणजे आता माझं मराठी पण दुरुस्त करणार तुम्ही."

"मला उपकरणं दुरुस्त करायचे पैसे मिळतात," मी म्हणालो. ती हसली. मी बऱ्याच दिवसांनी कोणालातरी हसवलं होतं.

तिचं काम असं होतं. शहराच्या पूर्वेला मोठी दलदल आहे. हजारो वर्षं शेवाळ कुजून कुजून तिथे जमीन तयार झाली आहे, स्पंजासारखी. हिवाळ्यात ती गोठते, वर बर्फ साचतो, पण खाली कुजणं पूर्ण थांबत नाही. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बर्फाखाली अडकून राहतो. वसंतात बर्फ सुटला की तो बाहेर पडतो. किती पडतो आणि किती वेगाने, एवढाच तिचा प्रश्न होता. आधीच्या वर्षी उपकरण ऐन वेळी बंद पडलं आणि तिला ते मोजता आलं नाही. हा वसंत हुकला तर पुन्हा एक वर्ष.

"एक वर्ष म्हणजे काही फार नाही," मी म्हणालो. मला वाटलं, धीर दिला.

"माझी मुलगी तीन वर्षांची आहे काका," ती म्हणाली. "नागपूरला आहे, माझ्या नवऱ्याबरोबर, परीक्षितबरोबर. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला म्हणून तो तिला घेऊन परत गेला. डिसेंबरपर्यंत माझं झालं तर मी जाते. नाही झालं तर ती चार वर्षांची होईल आणि मी फोनमधली आई."

पाना सापडला होता, तो उचलला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वायू मोजणारं यंत्र, म्हणजे अॅनलायझर, दलदलीच्या कडेला एका लाकडी खोपटात असतं. मोजायची हवा मात्र खोपटातली नसते. दलदलीवर एक खांब उभा करायचा, त्याच्या टोकाला नळीचं तोंड बसवायचं आणि तिथली हवा नळीतून खोपटात ओढून आणायची. पंप हवा ढकलत नाही, ओढतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी, यंत्राच्याही मागे. नळीच्या तोंडावर उलटं नरसाळं बसवायचं, म्हणजे पाऊस आत जात नाही, आणि नरसाळ्याला बारीक जाळी, म्हणजे किडे जात नाहीत. नळीवर गरम होणारी पट्टी गुंडाळायची, तिच्यावर फोम. थंड नळीत हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि यंत्रात एक थेंब गेला तरी नुकसान. आणि यंत्राच्या अगदी अलीकडे फिल्टर. पातळ पांढरी चकती, डोळ्यांना कागदच वाटेल. सगळा भरवसा तिच्यावर.

मार्चभर आम्ही ते उभं केलं. दलदलीवर फळ्यांची पायवाट आहे, तिच्यावरचा बर्फ फावड्याने बाजूला करत करत जायचं. बोटं उघडी ठेवली तर काम होतं पण बोटं जातात, हातमोजे घातले तर बोटं राहतात पण काम होत नाही. रुचा डब्यात पोहे आणायची. थर्मॉसमधला चहा प्यायचो. ती मला माझ्याबद्दल काही विचारत नव्हती. तिला विभागात कोणीतरी सांगितलं असणार. एकदाच म्हणाली, "काकू स्वयंपाकात मिरची कमी घालायच्या का हो? तुम्ही माझ्या पोह्यातल्या सगळ्या काढून ठेवता."

"कमी नाही घालायची. मी काढतो म्हणून रागवायची."

"बरोबरच आहे. पुणेकर."

गुड फ्रायडेच्या आधीचा दिवस होता. त्या दिवशी फक्त शेवटचं काम राहिलं होतं. नवी नळी कापताना तिच्यात प्लास्टिकचा भुसा पडतो, वर पीटची, म्हणजे कुजक्या शेवाळाची, धूळ. ती आधी काढावी लागते. त्यासाठी फिल्टर बाजूला ठेवतात आणि एक व्हॉल्व्ह असा फिरवतात की हवा यंत्रात न जाता थेट पंपाकडे जाते. नळी साफ झाली की फिल्टर बसवायचा, मग व्हॉल्व्ह यंत्राकडे वळवायचा. क्रम चुकायला नको, एवढंच.

मी खांबापाशी होतो, रुचा खोपटात. दोघांकडे वॉकी-टॉकी. मी वरून नरसाळं काढून नळीच्या तोंडावर हात ठेवून पाहिलं, ओढ चांगली होती. थोड्या वेळाने मी म्हणालो, "नळी साफ झाली. आता फिल्टर."

ती म्हणाली, "ओके काका. येते मी."

मी नरसाळं परत बसवलं आणि वाट बघत उभा राहिलो. मला वाटलं, ती फिल्टर बसवून इकडे येते आहे, खांब एकदा शेवटचा बघायला. वारा बोचरा होता. मधे उन्हाचा तुकडा आला आणि गेला. ती आली नाही. फळ्यांवरून चालायला इतका वेळ लागत नाही हे मला दिसत होतं. तरी मी उभा राहिलो. एखादा शहाणा माणूस केव्हाच खोपटात गेला असता.

का उभा राहिलो ते सांगतो. नोव्हेंबरमध्ये अरुणाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तिला चाकांच्या पलंगावरून आत नेलं तेव्हा तिने माझ्या हातात चष्मा दिला आणि म्हणाली, "येते हं." डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं केलं. मी चष्मा हातात धरून बसलो होतो. तेव्हापासून कोणी "येते" म्हटलं की मला तिथून हलता येत नाही. हे मला त्या दिवशी खांबापाशीच कळलं.

शेवटी पाय बधिर झाले तेव्हा खोपटात गेलो. रुचा नव्हती. हेलन तिला गाडीने न्यायला येणार होती, तिच्याबरोबर निघून गेलेली दिसत होती. मी विचार केला, गेली म्हणजे फिल्टर बसवूनच गेली असणार. फिल्टरची पेटी फोमने झाकलेली, वर टेप नीट लावलेली. मी व्हॉल्व्ह यंत्राकडे वळवला. आकडा पाहिला. हवेचा प्रवाह इतका चांगला मी कधी पाहिला नव्हता. मनात म्हटलं, वा. दार लावून घरी आलो.

प्रवाह इतका चांगला असतो तेव्हा मधे काहीच नसतं, हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण आकडे बघायला आम्ही दोघंही गेलो. प्रवाह निम्म्यावर आला होता. कार्बन डायऑक्साइडचा आकडा आधी खूप वर, मग खूप खाली, मग काहीच्या काही. मी पेटीवरची टेप काढली. फिल्टर आपल्या प्लास्टिकच्या पाकिटात, न उघडलेला, पेटीत बाजूला पडला होता. त्याच्या जागी नुसती नळी.

रुचाने तोंडावर हात ठेवला. "काका, तुम्ही लावणार होतात ना?"

"मी? मी तुला म्हटलं, आता फिल्टर."

"हो, म्हणजे आता तुम्ही येऊन लावणार. म्हणून मी टेप लावून ठेवली, बर्फ उडत होता ना. हेलन रस्त्यावर हॉर्न वाजवत होती, मला ट्युटोरियल होतं. मी सांगून गेले की तुम्हाला! येते म्हटलं!"

"येते म्हटलंस म्हणून तर वाट बघत उभा होतो!"

"कोणाची?"

"तुझी!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, येते म्हणजे जाते."

"मग जाते म्हणायचं!"

"असं कसं म्हणणार? जाते म्हणतं का कोणी?" ती म्हणाली. "माझ्या आजीने ऐकलं तर फोनमधून मारेल मला."

मला राग आला होता आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम कसं करतात ते कळेना. तिचं तसं नव्हतं. ती यंत्राच्या पेटीवर हात ठेवून खाली बसली होती.

हेलनला फोन केला. ती आपल्या गाडीने आली, सगळं ऐकलं. रुचाने तिला समजावलं की आमच्या भाषेत निघताना 'मी जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जाते म्हणणं अशुभ. हेलनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणजे तू म्हणालीस मी येतेय, अर्थ होता मी जातेय. आणि एरवी हे तुमच्याकडे नीट चालतं?"

"कोट्यवधी लोकांचं चालतं," मी म्हणालो.

"त्यांच्यात वॉकी-टॉकी किती जणांकडे आहे?"

मग ती गंभीर झाली. यंत्र कारखान्यात पाठवलं तर परत यायला कित्येक आठवडे. हवामानखातं सांगत होतं, पुढच्या आठवड्यात दक्षिणेकडून उबदार वारा येणार. म्हणजे एकच मार्ग होता, यंत्र आपण उघडायचं. वॉरंटी कधीच संपली होती. पण आतला भाग बिघडला तर ते यंत्र कायमचं गेलं, आणि दुसरं विभागाकडे नव्हतं.

"रुचा, निर्णय तुझा," हेलन म्हणाली. "प्रबंध तुझा आहे."

रुचाने मला विचारलं, "तुम्ही उघडलंय का हे कधी?"

"हे नाही. याच्यासारखी उघडली आहेत."

"आणि?"

"बहुतेक परत चालली."

"बहुतेक," ती म्हणाली. मग म्हणाली, "उघडा."

लॅबमध्ये काम करता येईना, कारण ईस्टरच्या सुट्टीत इमारतीची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. मी म्हटलं, माझ्या घरी करू. म्हणून टाकलं, आणि गाडी चालवताना आठवलं की नोव्हेंबरपासून त्या घरात मुलगा जयदीप सोडून कोणी आलेलं नाही. तोही पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीहून चार दिवस येऊन गेला होता.

शनिवारी सकाळी रुचा आली. अशा कामाला धूळ चालत नाही. मी स्वयंपाकघर ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं, गालिचा गुंडाळून बाहेर ठेवला होता. घर गरम ठेवणारा फर्नेसही बंद करायचा होता, कारण तो चालू असला की भिंतीतल्या वाटांमधून गरम हवेबरोबर धूळ फेकतो. आम्ही बेसमेंटमध्ये गेलो. मी फर्नेसचा फिल्टर ओढून पाहिला. राखाडी लोकर.

"काका! हा कधी बदलला होता?"

"अरुणा आठवण करून द्यायची."

रुचाने तो माझ्या हातातून घेतला, कचऱ्याच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधलं. "नवीन आहे?"

होता. शेल्फवर, अरुणाने आणून ठेवलेला. तो बसवला.

घर थंड होत गेलं. आम्ही जॅकेट घालून डायनिंग टेबलाशी बसलो. जयदीपचा फोन आला. तो नेहमी इंग्रजीत बोलतो. "बाबा, आर यू ईटिंग? व्हाय आर यू व्हिस्परिंग?"

"यंत्र उघडलं आहे. धूळ उडेल."

"ऑन द डायनिंग टेबल? मॉम वुड किल यू."

"हो," मी म्हणालो. ती गेल्यापासून तिचा विषय आमच्यात पहिल्यांदाच असा सहज आला होता. मग त्याने फोन ठेवला.

यंत्राच्या आत हाताच्या पंजाएवढी एक नळी असते, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. एका टोकाकडून प्रकाश जातो, दुसऱ्या टोकाला मोजला जातो. मधली हवा किती प्रकाश खाते त्यावरून आकडा निघतो. आमच्या नळीत चहाच्या डागासारखा तपकिरी थर बसला होता. एका बाजूला प्लास्टिकचे दोन कण चिकटलेले. ओरखडा पडला तर संपलं.

"कापूस आहे?" रुचा म्हणाली. "देवघरात असेल ना, वातींचा."

"तो नको. त्याचे तंतू सुटतात. मग तंतूच मोजत बसशील."

तिने लॅबमधून काचा पुसायचा कागद आणला होता. तो आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळला, अल्कोहोलमध्ये बुडवला. एका दिशेने एकदाच फिरवायचं, कागद टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही. दोनदा फिरवल्यावर मी काडी तिच्याकडे दिली. मी विजेरी धरली, ती पुसत राहिली. ती श्वास रोखून धरायची आणि काडी बाहेर काढली की सोडायची.

काम करताकरता तिने विचारलं, "परवा किती वेळ उभे होतात तुम्ही?"

"बराच."

"मी दिसत नव्हते, तरी?"

मग मी तिला अरुणाचं सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं. लांबवलं नाही. तिने काडी खाली ठेवली होती. मी म्हटलं, "थांबू नकोस, अल्कोहोल उडून जाईल."

तिने पुन्हा पुसायला घेतलं. काही वेळाने नळीत बघतच म्हणाली, "माझी मुक्ता मला परवा काय म्हणाली माहीत आहे? मी रोज फोन ठेवताना म्हणते, येते हं बाळा. तर म्हणे, तू रोज येते म्हणतेस आणि येतच नाहीस. खोटारडी आहेस तू."

"मग तू काय म्हणालीस?"

"परीक्षित म्हणाला, तिला समजाव. काय समजावू? ती बरोबर आहे."

मी उठून चहा ठेवणार होतो, तर तिने हात धरला. "वाफ होईल काका. झाल्यावर पिऊ."

नळी स्वच्छ झाली. विजेरी आत धरली की सोनं दिसत होतं. एका ठिकाणी पुसट डाग राहिला, तो निघेना. आणखी घासायचा तिचा विचार होता. मी म्हटलं, नको, डागाचा हिशोब यंत्राला शिकवता येतो, ओरखड्याचा नाही. आम्ही ती परत बसवली, मी फर्नेस चालू केला आणि मग चहा केला. ती दोन कप प्यायली. जाताना दारात थांबली, बूट घातले, तोंड उघडलं आणि बंद केलं. शेवटी म्हणाली, "बाय काका."

आम्ही दोघंही हसलो.

सोमवारी लॅबमध्ये वीज आली. शुद्ध नायट्रोजन सोडून यंत्राला शून्य दाखवलं, मग माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू सोडून वरचा आकडा दाखवला. शून्य बरोबर आलं. वरचा आकडा जवळपास आला. रुचाने तासभर त्याच्याकडे बघून वहीत काहीतरी गणित केलं आणि म्हणाली, "चालेल."

दलदलीवर पोचलो तेव्हा कडेचा बर्फ सुटायला लागला होता. फळ्यांच्या खाली पाण्याचा आवाज येत होता. म्हणजे थोडा वायू आधीच निघून गेला होता. हेलन म्हणाली होती, सुरुवातीचा थोडा भाग हुकला तरी अंदाज करता येतो, मोठी उसळी हुकता कामा नये. पण दक्षिणेचा वारा सुरू झाला होता. हवेला ओल्या मातीचा वास होता.

यंत्र जोडलं. या वेळी फिल्टर रुचाने बसवला, मी पाहिला, मग मी हात लावून पाहिला, मग तिने मोठ्याने म्हटलं, "फिल्टर बसला." मी म्हटलं, "बसला." व्हॉल्व्ह वळवला.

आकडा डगमगत होता. वर जायचा, खाली यायचा. रुचा पडद्याकडे वाकली. "गेलं का हे?"

"थांब. आधी गळती बघू."

गळती शोधायची जुनी रीत आहे. पंप हवा ओढतो, म्हणून नळीला कुठे फट असेल तर खोपटातली हवा त्यातून आत ओढली जाते. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. एकेका सांध्यावर फुंकायचं आणि आकडा बघायचा. मी गुडघ्यांवर बसलो आणि फुंकत गेलो. ती आकडा सांगत होती.

"काही नाही. काही नाही. पुढे. काही नाही."

फिल्टरच्या डबीवर फुंकलं.

"चढला! काका, खूप चढला!"

डबीच्या झाकणाखाली रबराची बारीक कडी असते, ती चिमटली गेली होती. आमच्या दोघांच्या दहा वेळा हात लावण्यानेच झालं असणार. ती काढली, सरळ केली, पुन्हा बसवली. पुन्हा फुंकलं. आकडा हलला नाही. सगळे सांधे पुन्हा एकदा. हलला नाही. मी खांबापाशी जाऊन नळीचं तोंड अंगठ्याने बंद केलं. खोपटातून तिने ओरडून सांगितलं, "प्रवाह शून्य!" अंगठा काढला. "आला!"

आता जो आकडा येईल तो दलदलीचा.

खोपटात परत आलो तर ती स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होती. रेघ सपाट होती. आम्ही बसून राहिलो. पोहे खाल्ले. या वेळी तिने मिरच्या आधीच काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याने खोपटाचं दार हलत होतं. बाहेर कुठेतरी बर्फाचा मोठा तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

दुपार उतरायला लागली तेव्हा रेघ वळली. आधी मला वाटलं, मला तसं दिसतंय. मग ती वर जायला लागली. भरभर नाही, पण थांबत नव्हती. रुचा उठून उभी राहिली. तिने तीन वेळा प्रवाह बघितला, गरम पट्टीचं तापमान बघितलं, फिल्टर बघितला. सगळं ठीक होतं.

"हे खरं आहे का काका?"

"दुसरं काय असणार?"

"आपण श्वास घेतोय म्हणून नाही ना?"

"आपण आत आहोत. नळीचं तोंड बाहेर आहे."

"बाहेर कोणी नाही ना?"

"या दलदलीत कोण येणार आहे बाई?"

ती रेघेकडे बघत राहिली. मग दार उघडून बाहेर गेली आणि फळ्यांवरून चालत सुटली. मी मागे गेलो. ती खांबापाशी पोचली होती, पाठमोरी. खांदे हलत होते. मी जवळ गेलो तर ती मोठ्याने रडत होती, हुंदके देऊन, तोंड उघडं ठेवून. आणि वारा दक्षिणेचा होता आणि ती खांबाच्या दक्षिणेला उभी होती.

मी म्हणालो, "रुचा, इथे नको."

ती वळली.

"तुझा श्वास थेट नळीत जातोय. रेघेत येशील. तुझ्या परीक्षकांना काय सांगणार?"

तिने पटकन हाताने तोंड बंद केलं आणि त्यातूनच हसली. नाक वाहत होतं. मी तिला खांबाला वळसा घालून पलीकडे नेलं, फळ्या संपतात तिथपर्यंत. तिथून वारा आमच्यावरून पुढे जातो, खांबाकडे येत नाही. समोर पाणी आणि काळं शेवाळ आणि दूरवर रांगेत झाडं.

"इथे चालेल," मी म्हणालो. "इथे हवं तेवढं."

ती रडली. मला वाटलं होतं मी परत खोपटात जाईन, कोणीतरी आकड्यांवर लक्ष ठेवायला हवं. पण आकडे आपोआप नोंदले जात होते, यंत्र चालू होतं, फिल्टर जागेवर होता. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने माझंही सुरू झालं. नोव्हेंबरपासून झालं नव्हतं. आम्ही दोघं दलदलीकडे तोंड करून उभे होतो आणि आमच्या मागे पंप चालल्याचा बारीक आवाज येत होता.